डोंगर चढून गेलेलं टायर

वेशीपाशी चुन्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं अंथरलं होतं. त्यावर दोन्ही पाय ठेवायचे, मगच गावात यायचं, असं तिथं खुर्ची टाकून बसलेल्या बाईनं सांगितलं. लंपी आला होता ना, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमरावती-अकोल्याकडं गावोगावी गाईबैलांच्या अंगावर गाठी उठत होत्या, गुरांचे बाजार बंद होते, आणि नेमकी तेव्हाच माझी नात रुची मला माझ्या माहेरचा डोंगर दाखवायला घेऊन निघाली होती. म्हणजे खरं तर मीच तिला दाखवणार होते. पण मी तिच्या स्कूटीवर मागं बसले होते, तेव्हा कोण कोणाला नेत होतं ते तुम्हीच ठरवा.

पायात माझ्या बूट होते. हसू नका. रुचीनंच घेऊन दिले होते, डोंगर चढायचे बूट. ती आणि तिच्यासोबतची पोरंपोरी सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतात आणि त्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्यांच्याकडं असते. घडी होऊन हातभर होणारी काठी. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची थैली, आणि तिची नळी थेट तोंडापर्यंत आलेली. वासरानं आचळ धरावं तशी ही पोरं ती नळी तोंडात धरून चालतात. रेनकोट तर मुठीत मावतो. मला त्या एकेका वस्तूचं फार नवल. मी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहते आणि रुची ओरडते, "आजी, तोडशील ना व!"

तर मी पोत्यावर पाय ठेवले, उतरले, आणि थोडं पुढं जाऊन सहज मागं वळून पाहिलं. सिमेंटच्या रस्त्यावर माझ्या बुटांचे पांढरे ठसे उमटले होते. खाचा, आडव्या पट्ट्या, मधून गेलेली नागमोडी रेघ. मी तिथंच उभी राहिले.

"आजी, चक्कर येते का?"

"नाही ग," म्हटलं. पण रस्त्यावर मला माझ्या बाबांची पावलं दिसत होती.

खुर्चीवरच्या बाईचं नाव शोभा. कोणाकडच्या तुमी, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, गायक्याची मुलगी. आमच्याकडं गावाची ढोरं चारणाऱ्याला गायकी म्हणतात. ती उठूनच उभी राहिली. "अव्वा! गायक्याच्या घरच्या का? मंग तं गावच्याच झाल्या की. चाला, नाल्यालोक येतो मी संगं. पन नाल्याच्या पल्याड नाही जाता येत, आधीच सांगून ठेवतो. वर ढोरं आहेत आमची. गावात तेवढीच साजरी राहिली."

मागून दुचाकींवर आलेल्या रुचीच्या चमूतला एक उंच पोरगा म्हणाला, "काकू, आम्ही ढोरांच्या जवळसुद्धा जाणार नाही." रुचीनंही आपलं शहाणपण काढलं. लंपी माश्यांनी आणि गोचिडांनी पसरतो, बुटांनी नाही, असं तिनं वाचलं होतं.

"बरोबर आहे बाई," शोभा म्हणाली. "डाक्टरबी तेच सांगून गेले. पन कोनती माशी कोनाच्या झोळ्यावर बसून वर जाईन, थे तुले समजते का? मले तं नाही समजत."

पोरं हसली. शोभाही हसली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माही गाय गेली. तिची कालवड वर आहे." त्यानंतर कोणी हसलं नाही.

आम्ही नाल्यावर आलो. नाल्याच्या अलीकडं अंबाडीचा दोर बांधलेला, त्याला कडुलिंबाचे डहाळे लटकवलेले. आणि समोर आमचा डोंगर. चांदूर रेल्वेच्या बाजूनं जी पोहऱ्याची रांग जाते ना, तिचंच हे एक टोक. सह्याद्रीकडची माणसं याला टेकडी म्हणतील. म्हणोत बापडी. काळ्या मातीच्या सपाट मुलखात जन्मलेल्या लेकराला जमीन अशी उभी राहिलेली दिसली की त्याचा जीव दडपतो. सोयाबीन पिवळं पडलं होतं, कपाशीला पात्या-फुलं, तरोट्याचा उग्र वास, आणि त्या सगळ्याच्या वर सागाचं रान, मोहरून पांढुरकं झालेलं. लहानपणी मला वाटायचं, आभाळ डोंगराच्या खांद्यावर टेकवून ठेवलंय. आजही वाटतं. वय वाढलं म्हणून वाटणं थोडंच बंद होतं?

बाबा रोज सकाळी गावाच्या आखरावर, म्हणजे ढोरं गोळा व्हायच्या मोकळ्या जागेत, उभे राहून हाळी द्यायचे. घराघरातून गाई, गोऱ्हे, कालवडी आपसूक निघायच्या. धूळ, शेण, दूध, ओली वैरण, सगळ्याचा मिळून एक ऊबदार वास उठायचा. बाबांची सामग्री म्हणजे तिवसाची काठी, तिला तेल पाजून पाजून काळी केलेली. दुधीभोपळा वाळवून केलेला तुंबा; वैशाखातही त्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. कमरेला चकमक. खांद्यावर घोंगडी, पावसात तिला भिजल्या मेंढराचा वास यायचा. आणि पायात जाड कातड्याच्या वहाणा. त्या करकर वाजायच्या. संध्याकाळी माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "पानी ठेव व, तुहे बाबा वेशीत आले." मला तर काहीच ऐकू आलेलं नसायचं.

पावसाळ्यात शेतांत पीक उभं, म्हणून बाबा गावाचा कळप घेऊन डोंगरावरच मुक्काम करायचे. पळसाच्या पानांचं खोपडं करून राहायचे. त्या साली ते असेच वर गेले आणि खाली गावात ढोरांमध्ये बुळकांडीची साथ आली. कुठून आली, कशी आली, ते मला विचारू नका. मला एवढंच आठवतं की आमच्या शेजारचा बैल दिवसभर डोळ्यांतून पाणी गाळत उभा होता आणि त्याच्या तोंडापुढं ठेवलेली हिरवी वैरण तशीच सुकली.

मग गाव बांधलं. म्हणजे चारी वाटांना असाच अंबाडीचा दोर, असाच लिंबाचा पाला. डोंगराच्या वाटेलाही. म्हाताऱ्या पाटलांनी पारावर उभं राहून सांगितलं, की खालचं वर जाणार नाही. चारा नाही, दावं नाही, दुधाचं भांडं नाही, कातडं तर नाहीच नाही. भाकर तेवढी जाईल, ताज्या पानांत बांधून.

"आन् मानूस?" मायनं विचारलं. तिचे दिवस भरत आले होते.

"मानूसबी नाही, पोरी. गायक्याले खाली यायचं असन तं येऊ दे, घर त्याचंच आहे. पन आला तं पुन्हा वर जाता येनार नाही."

बाबा खाली आले तर वरचा कळप वाघराच्या भरवशावर. बिबटे होते तेव्हा रानात, आताही आहेत. आणि गावात तर रोज एका गोठ्याचं दार बंद होत होतं. सगळ्या गावाचं जे काही उरायचं होतं, ते त्या डोंगरावर चरत होतं आणि त्याच्यामागं एकटे माझे बाबा होते. माय पारावरून उठली. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या.

त्या भाकऱ्या घेऊन मी नाल्यावर जायची. मधल्या सपाट दगडावर ठेवायच्या आणि मागं व्हायचं. पलीकडं गवताचं पडीत, त्याच्याही पलीकडं झाडं. बाबा त्या झाडांपाशी उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे. मी निघाल्यावर भाकर उचलायचे. माझ्यासोबत गावातली माणसं यायची, आपापल्या ढोरांची खुशाली विचारायला. "पाटलाची तांबडी कशी आहे व, विचार!" मी विचारायची. डोंगरावरून उत्तर यायचं, "व्याली! गोऱ्हा झाला!" आणि ज्याच्या गोठ्यात त्याच सकाळी बैल मेलेला असायचा, तो माणूसही हसायचा. पाण्यावरून येणारी ती हाळी अजून माझ्या कानात आहे. माणसाचा आवाज एवढा लांब, एवढा शाबूत जातो, याचं मला तेव्हा केवढं आश्चर्य वाटायचं!

श्रावणात मला भाऊ झाला. मी नाल्यावर धावत गेले आणि जीव खाऊन ओरडले, "बाबा, आपल्या घरीबी गोऱ्हा झाला!" पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी पुन्हा ओरडले. पाहते तर बाबा खाली गवतात बसले होते, काठी दोन्ही हातांनी धरून.

सव्वा महिना झाल्यावर माय लेकराला घेऊन नाल्यावर आली. दोन्ही हातांनी तिनं ते वर धरलं, जसं देवापुढं धरतात तसं. बाबांनी घोंगडी काढून हवेत हलवली. मग हे रोजचंच झालं. लेकरू थोडं मोठं झालं तसं नाला आला की आपणहून झाडांकडं पाहायला लागलं. तिथं एक करंगळीएवढा माणूस असतो आणि तो आपल्याला पाहून हात हलवतो, हे त्याला ठाऊक झालं होतं. ते खुदकन हसायचं. मायच्या गालावरून पाणी वाहत असायचं आणि तीही हसायची.

एक दिवस मला दिसलं, बाबा लंगडत होते. घरी येऊन मी सांगितलं, तर मायनं हातातली भाकरच खाली ठेवली. वहाणा तुटल्या होत्या. वर दगड, हिवराचे काटे, आणि कळपामागं दिवसभर रान तुडवायचं. पाय सुजला, पिकला, तर माणसाला खाली यावंच लागणार. आणि नवीन वहाणा पाठवाव्यात तर त्या कातड्याच्या. त्या साली गावात जे कातडं होतं ते कुठलं होतं, हे काय सांगायला पाहिजे? कोणी म्हणालं, चिंध्या बांधा. कोणी म्हणालं, खडावा करा. खडावा घालून डोंगर चढणारा गायकी कोणी पाहिलाय का?

गावात गफूरचाचा म्हणून नालबंद होते. बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. आता नाल ठोकायला बैल कुठं होते? ऐरण थंड पडली होती आणि चाचा ओट्यावर बसून नुसते बिड्या ओढायचे. माय त्यांच्याकडं काही मागायला गेली नव्हती, रडायला गेली होती. चाची तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. चाचा एकदम म्हणाले, "ढोराच्या पायाले ठोकतो, तं मानसाच्या पायाले काऊन नाही?"

त्यांच्या अंगणात लॉरीचं एक टायर पडलं होतं. चांदूर रेल्वेच्या सडकेवर कोणीतरी टाकून दिलेलं, चाचांनी घरंगळत घरी आणलेलं. त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. चाचांनी कोंबड्या हाकलल्या आणि सुरी परजली.

"अब मुर्गियाँ कहाँ बैठेंगी?" चाची ओरडली.

"तेरे सर पे," चाचा म्हणाले, आणि कामाला लागले.

माप मी आणलं. नाल्यावरून ओरडून विचारलं, बाबांनी पाय मोजून सांगितलं: एक वीत आणि वर चार बोटं. मी तेच पाठ करत चाचांपर्यंत आले. चाचांनी लगेच आपली वीत टायरवर ठेवली, वर आपली चार बोटं ठेवली आणि खडूनं रेघ मारली. वीत कोणाची, हे ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या, ना पारावरच्या कोणाच्या. आता चाचाचा हात म्हणजे काय होता, फावडं! घण मारून मारून एवढाल्ला झालेला. वहाणा तयार झाल्या त्या बाबांच्या पायाच्या दीडपट. सायकलच्या ट्यूबचे पट्टे, नालांचे खिळे आतून वाकवून बसवलेले. मायनं पाहिल्या आणि तिला रडताना हसू फुटलं. "चाचा, हे भीमाच्या पायातलं झालं!"

"होऊ दे," चाचा म्हणाले. "लहान झालं असतं तं काय केलं असतं?"

लिंबाच्या पाण्यात उकळून, धुरी देऊन, पाटलांनी नाकाशी धरून तपासल्यावर त्या वहाणा नाल्यातल्या दगडावर ठेवल्या. बाबांनी आत गवत भरलं आणि पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं घोट्याशी करकचून बांधल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्यावर गेलो. पल्याडच्या ओल्या रेतीत पावलं उमटली होती. प्रचंड. खाचा, आडव्या पट्ट्या, मधून नागमोडी रेघ. ती पडितातून, झाडांतून, वर वर गेली होती. आमच्या गावात तोवर मोटार आली नव्हती. मी सडकेवर लांबून धूळ पाहिली होती तेवढीच. आणि तिचं चाक, कोंबड्यांच्या खालून उठून, माझ्या बाबांना घेऊन डोंगर चढून गेलं होतं. मी तिथं किती वेळ उभी होते काय माहीत. देवळातही माझे हात इतके आपोआप कधी जोडले गेले नाहीत.

पोळा आला, गावात एक बैल सजला नाही. दिवाळी आली, गोठ्यात पणती लावायची कोणासाठी? गावात तर घाट्यांचा आवाजही बंद झाला होता. मेलेल्या ढोराच्या गळ्यातली घाटी काढून घरात उपडी घालून ठेवायची, अशी आमच्याकडं रीत होती. पण संध्याकाळी वारा पडला की डोंगरावरून टणटण ऐकू यायची. अगदी बारीक. चुली पेटवता पेटवता बाया थांबायच्या. पारावरची माणसं बोलणं तोडायची. साऱ्या गावानं श्वास धरून ठेवलाय आणि वर कुठंतरी आपल्या गाई चालताहेत. माय कान टवकारून म्हणायची, "चालून राहिले. आहेत." मग पुन्हा फुंकणी हातात घ्यायची.

हे सगळं मी रुचीला आणि शोभाला नाल्याच्या काठावर बसून सांगत होते. शोभानं घरून चहा मागवला होता. तो उंच पोरगा मोबाइलवर नकाशा पाहून म्हणाला, "रुची, तलावाच्या बाजूनं एक वाट दिसते. तिकडं कोणी बसलेलं नसेल. अर्ध्या तासात वर."

शोभानं ते ऐकलं. नुसती डोंगराकडं पाहत राहिली, आणि तिनं हातातला कप खाली ठेवला. मला ते पाहून माझी मायच आठवली, पारावरून मुकाट घरी येणारी.

"तू गप ना बे," रुची म्हणाली. तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि मांडी घालून बसली. "आजी, मग तुझे बाबा खाली कधी आले?"

माघात आले. गाव सुटलं तेव्हा. सकाळपासून सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. आधी डोंगरातून धुळीचा लोट उठला, मग घाट्या, मग शिंगं. दोराखालून एकेक जनावर येत गेलं. तकतकीत, रानचं गवत खाऊन भरलेलं, पायाशी नवी वासरं. लोक फक्त अंगावर हात ठेवून पाहत होते, खरं आहे का. गाई आपापल्या घरी चालल्या, कोणी हाकलायला नको. गफूरचाचा ओट्यावर उभे राहून प्रत्येकीच्या खुरांकडं पाहत होते आणि डोळे पुसत होते.

सगळ्यांत मागून बाबा. दाढी वाढलेली, अंगात धुराचा वास, पायात त्या भल्यामोठ्या वहाणा. माय नाल्याच्या अलीकडं लेकराला घेऊन उभी. बाबा झाडांपाशी आले, तसं लेकरू हसलं, हात हलवले. बाबा चालत आले. पडीत ओलांडलं. नाल्यात उतरले. आणि लेकराचं हसू थांबलं. त्याचा बाप करंगळीएवढा होता. हा जो येत होता तो वाढतच चालला होता, हातभर झाला, झाडाएवढा झाला, आता आभाळ झाकून टाकील! लेकरानं असा टाहो फोडला की पुढं गेलेल्या गाई मागं वळून पाहायला लागल्या.

बाबा जागच्या जागी थांबले. माय म्हणाली, "अहो, या ना. रडते थोडं, मंग राहते."

पण बाबा मागं फिरले. नाला पुन्हा ओलांडून, पडीत ओलांडून झाडांपाशी जाऊन उभे राहिले. लेकरू हुंदके देत देत गप्प झालं. त्यानं पाहिलं, माणूस पुन्हा नीट झाला होता. बाबांनी घोंगडी हलवली. मग थोडे पुढं आले आणि थांबले. ओठ वाकडा व्हायला लागला की थांबायचे. साऱ्या गावाच्या ढोरांना ज्यांनी घाई कधी केली नाही, त्यांना घाई येतच नव्हती. असे येत येत ते पाण्याच्या मध्यापर्यंत आले. तिथं पुन्हा तो ओठ वाकडा झाला. मागं जायचं तर बाबांना आता होत नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

तेव्हा ते माघाच्या त्या बर्फासारख्या पाण्यात खाली बसले. छातीपर्यंत. खांदे आवळले, मान आत घेतली, होईल तेवढे लहान झाले. आणि तसेच, बसल्या बसल्या, गुडघ्यांवर सरकत काठाकडं आले. मायनं वाकून लेकराला त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरलं. लेकरानं खूप वेळ पाहिलं. मग हात पुढं केला आणि बाबांची मिशी घट्ट मुठीत धरली.